कौल म्हणजे हुकूम नव्हे

१

‘कौल’ या शब्दाचा अर्थ ‘देवाची आज्ञा’ असा देऊन पुढे सरकण्याची रीत मराठी समीक्षेत चांगलीच रुळली आहे. कोकणातल्या एखाद्या कादंबरीत पात्रे ग्रामदेवतेपुढे कौल लावायला उभी राहिली, की समीक्षक त्या प्रसंगाला ‘दैवी हुकुमापुढील शरणागती’ असे नाव देतो. निवडणुकीच्या निकालानंतर अग्रलेख लिहिणारा ‘जनतेचा कौल’ आणि ‘जनादेश’ हे शब्द एकाच परिच्छेदात एकमेकांच्या जागी वापरतो. आणि एखादा कवी विस्मरणात का गेला याचे उत्तर शोधण्याचा कंटाळा आला, की वाङ्मयेतिहासकार ‘काळाचा कौल’ पुढे करतो. तिन्ही ठिकाणी गृहीत एकच आहे : कौल म्हणजे वरून खाली आलेला, प्रश्न न विचारता पाळायचा हुकूम. हे गृहीत चुकीचे आहे, आणि ते कोशातील एका नोंदीपुरतेच चुकीचे नाही. त्यामुळे एका ग्रामसंस्थेचे, एका राजकीय व्यवहाराचे आणि खुद्द समीक्षेच्या जबाबदारीचे आपले आकलन बिघडते, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

या गृहीताला दोन विरुद्ध दिशांनी टेकू मिळालेला आहे. एक दिशा भाषाशुद्धीची. तिच्या मते कौल हा परकी अमलाचा अवशेष; त्याच्या जागी ‘आदेश’ किंवा ‘आज्ञा’ घातली म्हणजे काम भागते. दुसरी दिशा देशीपणाच्या उत्साहाची. कोकणातल्या देवळाच्या गाभाऱ्यात अरबी शब्द सापडणे तिला अडचणीचे वाटते. म्हणून ती ‘कुल’ या संस्कृत शब्दावरून आलेल्या शाक्तांच्या ‘कौल’ संप्रदायाकडे धाव घेते आणि ग्रामदेवीचा कौल म्हणजे कौलमार्गी उपासनेचा लोकस्तरावर उरलेला अंश, असा सिद्धान्त बांधू पाहते. पहिलीला शब्द परका म्हणून नको आहे. दुसरीला तो परका असणेच नको आहे. मराठीत आल्यावर त्या शब्दाने शतकानुशतके काय काम केले, हे पाहण्याची निकड मात्र दोघींनाही वाटत नाही.

२

प्रथम उगमाचा प्रश्न हातावेगळा करू. ‘कौल’ हा अरबी ‘कौल’. त्याचा मूळ अर्थ बोल, उच्चार, दिलेला शब्द. ‘कव्वाली’ याच कुळातली. ‘कौलकरार’ या आपल्या जोडशब्दात तो मूळच्या अर्थासह शाबूत आहे. दख्खनच्या सुलतानी अमलात तो फारसी दफ्तरातून महसुलाच्या भाषेत उतरला, आणि तो मराठीपुरता राहिला नाही. तेलुगूत ‘कौलु’ म्हणजे जमिनीचा खंडकरार. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याला आंध्र-तेलंगणात आजही ‘कौलु रैतु’ म्हणतात. इंग्रजांनीही तो दफ्तरातून उचलला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद असून लेखी हमी, पट्टा, अभयपत्र असे अर्थ देताना कोशकारांनी उदाहरण घेतले आहे ते थेट युरोपच्या इतिहासातले : सम्राट सिगिस्मुंडने यान हुसला कौल दिला आणि मोडला. हुस हा बोहेमियातील धर्मसुधारक. कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेला जाण्यासाठी त्याला सम्राटाचे अभयपत्र मिळाले होते. तरीही त्याला कैद करण्यात आले आणि १४१५ मध्ये जिवंत जाळण्यात आले. परक्या कोशकारांच्या या उदाहरणात कौलाचे मर्म नेमके सापडते. हुकूम मोडणारा असतो तो हुकूम ऐकणारा. कौल मोडू शकतो तो कौल देणारादेखील. हा भेद ज्याला दिसला नाही, त्याला हा शब्द कळला नाही.

आता कौलमार्गाच्या सिद्धान्ताकडे वळू. त्याचा सगळा आधार ध्वनिसाम्य हा आहे. ध्वनिसाम्यच पुरत असेल, तर छपरावरचे कौलही याच चर्चेत ओढून आणावे लागेल. शब्दाचे कूळ ठरवायचे तर तो कोणत्या क्रियापदांच्या संगतीत वावरतो हे पाहावे लागते. कौल मागतात, देतात, घेतात आणि मोडतात. ही क्रियापदे दफ्तरातल्या कौलाची आहेत आणि देवळातल्या कौलाचीही आहेत. कौलमार्ग कोणी मागत नाही आणि मोडतही नाही. शिवाय हा विधी देवीपुरता मर्यादित नाही. मालवण तालुक्यातील आचऱ्याचा रामेश्वर कौल देतो. त्याला शाक्त ठरवण्याचे धाडस हा सिद्धान्त करणार आहे काय?

या सिद्धान्तामागची खरी चूक मात्र निराळी आहे. विधी आणि विधीचे नाव यांचे वय एक असलेच पाहिजे, असे तो धरून चालतो. मूर्तीवर फूल, पाकळी किंवा तांदूळ लावून देवाचे मत विचारण्याची रीत कौल या शब्दाहून जुनी असू शकते. गोव्यात त्याच रीतीला ‘प्रसाद’ म्हणतात. सिंधुदुर्गात ‘प्रसाद लावणे’ आणि ‘कौल लावणे’ हे दोन्ही प्रयोग ऐकू येतात, इतकेच नव्हे तर ‘कौलप्रसाद’ असा जोडशब्दही सर्रास चालतो. अरबी आणि संस्कृत शब्दांची ही जोडी गावकऱ्यांनी कोणत्याही पंडिताला न विचारता जुळवली आहे. विधी घरचा, नाव बाहेरून आलेले, आणि दोहोंचा संसार कित्येक पिढ्यांचा. देशीयतेची चर्चा भालचंद्र नेमाडे यांनी मराठी समीक्षेच्या केंद्रस्थानी आणली आणि भूमिनिष्ठ भाषाव्यवहाराकडे लक्ष वेधले गेले, हा लाभच झाला. पण भूमिनिष्ठता म्हणजे शब्दाची शुद्ध वंशावळ नव्हे. शब्दाला भूमी मिळते ती वापराने. आपल्या शास्त्रकारांनीही योगापेक्षा, म्हणजे अवयवार्थापेक्षा, रूढी बलवत्तर मानली आहे. चिखलात जन्मणारे सारे काही ‘पंकज’ होत नाही.

३

कौल हा सरकारी कागदाचाही प्रकार होता. म्हणून तो हुकमाच्या वर्गात बसतो, असा एक आक्षेप घेतला जाईल. तेव्हा राजशासनाच्या शब्दांकडेच वळले पाहिजे. आपल्याकडे या शब्दांची चांगली मोठी उतरंड आहे : फर्मान, हुकूम, ताकीद, सनद, आज्ञापत्र, आणि अलीकडच्या काळातले वटहुकूम, अध्यादेश, परिपत्रक, शासन निर्णय. यांतील ‘फर्मान’ या फारसी शब्दाचे गोत्र पाहिले तर शुद्धिवाद्यांची पंचाईत होईल, कारण तो आणि संस्कृत ‘प्रमाण’ हे एकाच प्राचीन मुळाचे फाटे आहेत. ‘हुकूम’ अरबी, हाकिम आणि हुकमत ही त्याचीच भावंडे. ‘आज्ञापत्र’ हे नाव तर रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या राजनीतिपर ग्रंथामुळे मराठी वाङ्मयात कायमचे झाले आहे. या सर्व शब्दांत एक समान सूत्र आहे. बोलणारा वर, ऐकणारा खाली. आणि बंधन ऐकणाऱ्यावर.

कौल या उतरंडीत बसत नाही. युद्धाने किंवा दुष्काळाने गाव ओस पडला, की पळून गेलेल्या रयतेला परत आणण्यासाठी सरकार कौल देत असे. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे वर्षागणिक थोडा चढता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुरा. या चढत्या आकारणीला ‘इस्तावा’ म्हणत. कौलातला मजकूर रयतेने काय करावे एवढ्यापुरता नसे. सरकार काय घेणार नाही, याची हमी हा त्याचा गाभा असे. रयत उलट कबुलायत लिहून देई. कौल आणि कबुलायत ही जोडी होती. एका बाजूचा शब्द दुसऱ्या बाजूच्या शब्दावर टेकलेला असे. लढाईत अभय देण्यासाठी, व्यापाऱ्याला पेठ वसवण्यास बोलावण्यासाठी असाच कौल दिला जाई. देणारा बलवान होता यात शंका नाही. पण कौल देताना तो स्वतःला बांधून घेत होता. म्हणूनच कौल मोडणे ही राजाच्या बाबतीतही नामुष्की होती.

जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ च्या व्याख्यानांत, जी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली, उच्चार ही स्वतःच एक कृती असते हे दाखवून अशा उक्तिकृतींचे वर्ग पाडले. अधिकार गाजवणारी उक्ती वेगळी, निवाडा देणारी वेगळी आणि स्वतःला वचनाने बांधून घेणारी वेगळी. त्याच्या परिभाषेत सांगायचे तर हुकूम पहिल्या वर्गात पडतो. दफ्तरातला कौल तिसऱ्यात, आणि देवळातला कौल दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांच्या सीमेवर. आपल्या समीक्षेने हे तिन्ही वर्ग एका पोत्यात भरले आहेत.

शिवकाळात राजव्यवहारकोश तयार करवून फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न झाला. तरीही मराठ्यांच्या दफ्तरात कौल टिकून राहिला. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीने ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द रूढ केले, आणि ते उपयोगीही पडले. कारण तेथे वस्तू तीच होती, नाव बदलले. कौलाच्या जागी ‘आदेश’ घातला की नावाबरोबर वस्तूही बदलते. वचन जाते आणि आज्ञा उरते. असा पर्याय देणे म्हणजे शब्द शुद्ध करणे नव्हे. ते भाषेतून एक संकल्पना वजा करणे आहे.

४

या शब्दाचा देवळातला व्यवहार समजून घ्यायचा तर मालवण परिसरासारखे ठिकाण नाही. गावकरी ग्रामदेवतेपुढे उभा राहतो तेव्हा तो प्रथम गाऱ्हाणे घालतो. देवाला ‘महाराजा’ म्हणून साद घातली जाते आणि जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ म्हणत साथ देतात. राजापुढे रयत घालते तेही गाऱ्हाणेच. गाऱ्हाणे, मानकरी, चाकरी, कौल ही सारी शब्दावली दरबाराची आणि कचेरीची आहे. रयतेने ज्या भाषेत सरकारकडे हमी मागितली त्याच भाषेत ती देवाशी बोलू लागली, असे मानण्यास येथे भरपूर जागा आहे. पेरणीपूर्वी सरकारचा कौल आणि लग्नापूर्वी देवाचा कौल, यांत मागणाऱ्याची गरज एकच आहे : पुढचे पाऊल टाकण्याआधी समर्थाचा शब्द हवा.

विधीची रचनाही हेच सांगते. प्रश्न माणूस मांडतो. गुरव मूर्तीच्या ठरलेल्या जागी पाकळ्या किंवा तांदूळ लावतो. उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. गावोगावच्या संकेतांत फरक असतील, पण सांगाडा हाच. देव आपणहून काही फर्मावत नाही. विचारल्यावाचून तो बोलत नाही, आणि विचारल्यावर बोलतो ते ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच. पहिला शब्द ज्याचा नाही, त्याच्या बोलण्याला हुकूम कसे म्हणावे?

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची यात्रा सर्वांना ठाऊक आहे. तिला ठरलेली तिथी नाही. दर वर्षी देवीचा कौल घेऊन दिवस मुक्रर होतो. तिथी हा पंचांगाचा हुकूम आहे, तो विचारावा लागत नाही. आंगणेवाडीने तो नाकारून दर वर्षी विचारण्याची जबाबदारी आपल्याकडे ठेवली आहे. आचऱ्याच्या गावपळणीत हे आणखी स्पष्ट होते. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराच्या कौलाने सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर पडतो, तीन दिवस आणि तीन रात्री राहुट्यांत काढतो, आणि मग परत येण्यासाठी पुन्हा कौल मागतो. मिळाला तर गाव भरतो. न मिळाला तर मुक्काम वाढतो आणि पुन्हा विचारणा होते. जाताना विचारायचे आणि परतताना विचारायचे, अशी ही दुहेरी बांधणी आहे. हुकमाच्या व्यवहारात ‘पुन्हा विचारू’ याला अवज्ञा म्हणतात. येथे तो विधीचाच भाग आहे.

धामापूरची एक आख्यायिका या संदर्भात मोलाची आहे. तेथील तलाव १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधला असे सांगितले जाते. २०२० मध्ये सिंचन व जलनिस्सारणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून त्याची नोंद केली. काठावर भगवतीचे देऊळ आहे. ज्याच्या घरी लग्न आहे पण दागिना नाही, अशा माणसाने परडीत फुले घालून ती तळ्यात सोडावी आणि देवीला विनवावे; परडी दागिन्यांनी भरून येई, आणि कार्य झाले की दागिने तळ्याला परत करावयाचे, अशी ही कथा. पुढे कोणी एकाने ते परत केले नाहीत आणि देणे कायमचे थांबले. लोककथेचे अभ्यासक अशा कथेला लोभाची शिक्षा म्हणून मोकळे होतात. पण शिक्षा कोणाला झाली? लबाडाला काय झाले याची कथेला फिकीर नाही. कथा सांगते ती एवढेच की व्यवहार संपला. एका बाजूने शब्द मोडताच दुसऱ्या बाजूचा शब्दही विरून गेला. आज्ञाभंगाच्या कथेत देवता कोपते. येथे ती गप्प होते. कथेत कौल हा शब्द नसला, तरी कौल आणि कबुलायत यांचे नाते तिच्यात जसेच्या तसे आहे. विजयनगरच्या काळात खणलेले म्हणून सांगितले जाणारे तळे, महिषासुराला मारणारी पुराणातली देवी आणि दख्खनी दफ्तरात घडलेले वचनाचे नाते एका काठावर नांदतात. ज्याला यांतले एकच ‘खरे देशी’ म्हणून वेचायचे आहे, त्याला बाकीचे तळ्यात टाकावे लागेल.

५

यावर समाजचिंतकांकडून गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कौल हा संवाद आहे असे म्हणणे ठीक. पण त्या संवादात बोलतो कोण? गाऱ्हाणे घालण्याचा मान ठरलेल्या मानकऱ्यांचा, मूर्तीला हात लावण्याचा अधिकार ठरलेल्या घराण्याचा. स्त्रिया आणि गावकुसाबाहेरचे लोक पिढ्यानुपिढ्या ऐकणाऱ्यांतच राहिले. मग या संस्थेला वचनाची आणि परस्परतेची झूल पांघरणे म्हणजे तिच्यातील विषमतेवर पांघरूण घालणे नव्हे काय?

आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य; निष्कर्ष अमान्य. कौलाला हुकूम म्हटल्याने ही विषमता उघडी पडत नाही, उलट तीच झाकली जाते. देवाचा हुकूम असे म्हटले की जबाबदारी देवाची. मानकरी निव्वळ निरोप्या ठरतो. कौल हे उत्तर आहे असे म्हटले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे? तो प्रश्न कोणी, कोणत्या शब्दांत, कोणाला वगळून मांडला? देवाला ‘होय’ आणि ‘नाही’ एवढेच म्हणता येत असेल, तर सगळी सत्ता प्रश्न रचणाऱ्याच्या हाती असते. ‘अमुक घराला वाळीत ठेवावे काय’ असा प्रश्न ज्याने मांडला, त्याला उजवी पाकळी दाखवून सुटता येणार नाही. अशा प्रश्नाचा जाब त्यालाच द्यावा लागेल. ‘दैवी आज्ञा’ हा अनुवाद मानकऱ्यांना सर्वांत सोयीचा आहे. सुधारकांनी त्यांची ती सोय का करावी?

‘फतवा’ या शब्दाची आपण अशीच वाट लावली आहे. फतवा म्हणजे मुफ्तीने विचारलेल्या प्रश्नावर दिलेले धर्मशास्त्रीय मत. प्रश्नकर्ता नसेल तर फतवा नाही. ७ जुलै २०१४ रोजी विश्व लोचन मदन यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयानेही फतव्याला कायद्याचे बळ नाही आणि तो कोणावर लादता येत नाही, असे स्पष्ट केले. पण मराठी वृत्तपत्रांत मात्र पक्षश्रेष्ठींपासून मुख्याध्यापकांपर्यंत कोणीही फतवा ‘काढतो’. मत या अर्थाचा शब्द हुकूम झाला, वचन या अर्थाचा शब्द हुकूम झाला. दोन वेगळ्या शब्दांची गत एकच व्हावी, यावरून आपल्या भाषिक कल्पनेविषयी काही अनुमान काढता येते. अधिकारवाणीने बोलणारा दिसला की ती वाणी आज्ञाच असणार, असे आपण धरून चालतो. तिच्या आधी कोणी काही विचारले होते काय, हे पाहत नाही.

६

आता ‘जनतेचा कौल’. मतदानाच्या निकालाला मराठीने हा शब्द योजला, त्यात मोठे शहाणपण होते. मतदाराला ठराविक प्रश्न विचारला जातो, तो खूण करून उत्तर देतो. हे उत्तर मर्यादित असते, मुदतीचे असते आणि पुन्हा विचारावे लागते. कौल घेणाऱ्याने आधी शब्द दिलेला असतो. तो मोडला तर पुढचा कौल निराळा पडतो. ‘जनादेश’ या शब्दात यांतले काहीच नाही. तो वरवर जनतेला मोठेपणा देतो, कारण आदेश देणारी जनता. पण व्यवहारात निवडून आलेला माणूस त्या आदेशाचे भेंडोळे काखेत मारून पाच वर्षे स्वतःच आदेश देत सुटतो. विरोध झाला की ‘आम्हांला जनादेश आहे’ हे त्याचे उत्तर ठरलेले. आमच्या प्रश्नाला जनतेचा कौल मिळाला, असे म्हणणाऱ्याला निदान प्रश्न कोणता होता ते सांगावे लागते.

सिंधुदुर्गाच्या शेजारीच याचे मोठे उदाहरण घडले आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेल्या मतदानाला मराठीत ‘जनमत कौल’ म्हटले गेले. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, असा प्रश्न होता. विलीनीकरणाची खूण होती फूल, आणि वेगळे राहण्याची दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. फूल आणि पान यांतून उत्तर घेण्याचा हा प्रकार कोकणी माणसाला नवखा वाटला नसेल. पण मुद्दा चिन्हांचा नाही. स्वतंत्र राज्याचा पर्याय त्या मतपत्रिकेवर नव्हता. उत्तर विचारलेल्या प्रश्नापुरतेच होते. म्हणूनच पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले, तेव्हा १९६७ चा कौल मोडला असे कोणी म्हटले नाही. तो आदेश मानला असता तर केंद्रशासित राहणे हे गोव्याचे कायमचे विधिलिखित ठरले असते. कौल होता, म्हणून प्रश्न बदलण्याची वाट मोकळी राहिली.

७

अखेरीस आपल्या स्वतःच्या घराकडे पाहिले पाहिजे. मराठी समीक्षेत ‘काळाचा कौल’ आणि ‘रसिकांचा कौल’ हे दोन प्रयोग निर्णायक युक्तिवाद म्हणून वापरले जातात. अमुक ग्रंथ टिकला नाही, हा काळाचा कौल. अमुक नाटकाचे प्रयोग झाले नाहीत, हा रसिकांचा कौल. सबब चर्चा संपली. काळ मात्र आपणहून काही सांगत नाही. कोणते ग्रंथ पुन्हा छापले गेले, कोणते अभ्यासक्रमात बसले, कोणती हस्तलिखिते ट्रंकेत कुजली, कोणत्या लेखकाच्या जातीमुळे किंवा बोलीमुळे त्याची परीक्षणेच झाली नाहीत, या सर्वांतून काळापुढे प्रश्न मांडला जातो. आणि तो मांडतात संपादक, प्रकाशक, प्राध्यापक आणि समीक्षक. वाङ्मयाच्या देवळातले मानकरी ते हेच. स्त्रियांचे आणि दलितांचे लेखन दीर्घकाळ वाङ्मयेतिहासात आले नाही, ते काळाने नाकारले म्हणून नव्हे. त्याविषयी कोणी गाऱ्हाणेच घातले नव्हते म्हणून. ज्यांनी पुढे ते घातले, त्यांना उत्तरही मिळाले.

तेव्हा या शब्दाचा आग्रह जुन्या शब्दावरील प्रेमापोटी नाही. अरबी मुळाचा म्हणून तो टाकू नये, आणि शाक्त मुळाचा म्हणून त्याला खोटी प्रतिष्ठाही देऊ नये. विचारणारा, उत्तर देणारा आणि दोघांना बांधणारा शब्द, अशी तीन टोके ज्या एका शब्दात धरली जातात, असा दुसरा शब्द मराठीत सहज सापडत नाही. ‘आज्ञा’ घातली की विचारणारा अदृश्य होतो, ‘निर्णय’ घातला की बंधन सैल पडते, ‘जनादेश’ घातला की मुदत विसरली जाते. यापुढे ज्या समीक्षकाला कौल या शब्दाचा अर्थ हुकूम असा लिहावयाचा असेल, त्याने त्या प्रसंगात प्रश्न कोणी विचारला होता, एवढे आधी नोंदवावे. त्या नोंदीनंतर हुकूम हा शब्द त्याला आपणहूनच खोडावा लागेल.